व्हीलचेअर कोर्ट खेळांतील शारीरिक क्षमता चाचण्या

व्हीलचेअर बास्केटबॉल, व्हीलचेअर रग्बी, व्हीलचेअर टेनिस आणि व्हीलचेअर बॅडमिंटन हे आखीव मैदानावर, म्हणजे कोर्टवर, खेळले जाणारे खेळ आहेत. या खेळांतील खेळाडूंचा वेग, दम, ताकद, वळण्यातील चपळाई आणि खुर्ची हाताळण्याचे कौशल्य मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित पद्धतींना एकत्रितपणे व्हीलचेअर कोर्ट खेळांतील शारीरिक क्षमता चाचण्या असे म्हणतात. प्रशिक्षणाचा आराखडा ठरविणे, प्रगती तपासणे, दुखापतीनंतर खेळाडू मैदानात परतण्यास योग्य झाला आहे की नाही हे पाहणे आणि खुर्चीच्या रचनेतील बदलांचा परिणाम जोखणे यांसाठी या चाचण्या घेतल्या जातात. यांपैकी बऱ्याच चाचण्या मुळात धावणाऱ्या खेळाडूंसाठी तयार झाल्या होत्या. त्या जशाच्या तशा वापरल्यास मिळणारा आकडा खेळाडूच्या शरीराविषयी चुकीची माहिती देऊ शकतो. त्यामुळे चाचणी नेमके काय मोजते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

व्हीलचेअर बास्केटबॉलची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, अमेरिकेतील जखमी सैनिकांमध्ये झाली. त्याच काळात इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात लुडविग गुटमन हे मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या उपचारांत खेळांचा वापर करत होते. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी तेथे १६ स्पर्धकांची धनुर्विद्या स्पर्धा भरविली. १९६० मध्ये रोम येथे झालेल्या पहिल्या पॅरालिंपिकमध्ये व्हीलचेअर बास्केटबॉलचा समावेश होता. व्हीलचेअर टेनिसचा उगम १९७६ मध्ये अमेरिकेत झाला. व्हीलचेअर रग्बी १९७७ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे सुरू झाली. हातांतही दौर्बल्य असल्यामुळे ज्यांना बास्केटबॉल खेळणे कठीण जाई, अशा खेळाडूंसाठी ती निर्माण झाली आणि २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये तिला पदकाचा दर्जा मिळाला. बॅडमिंटनचा समावेश सर्वांत अलीकडचा, म्हणजे टोकियो २०२० च्या स्पर्धांतील आहे. या स्पर्धा प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाल्या.

आरंभीच्या काळात या खेळांचा हेतू प्रामुख्याने पुनर्वसनाचा होता. तेव्हा मोजमाप होत असे ते रुग्णाच्या सुधारणेचे. स्पर्धा तीव्र होत गेल्या आणि खेळाडू व्यावसायिक पद्धतीने सराव करू लागले, तशी क्रीडाशास्त्रातील चाचण्यांची गरज भासू लागली. नेदरलँड्स, बेल्जियम, ब्रिटन आणि कॅनडा येथील संशोधकांचे या क्षेत्रातील काम विशेष आहे. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात दिव्यांगांच्या क्रीडाविषयक संशोधनासाठी पीटर हॅरिसन केंद्र कार्यरत आहे.

खेळांच्या मागण्या

चाचणीची निवड खेळाच्या स्वरूपावरून करावी लागते. व्हीलचेअर बास्केटबॉलचे कोर्ट २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि बास्केटची उंची उभ्याने खेळणाऱ्यांच्या खेळाइतकीच, ३.०५ मीटर असते. सामना प्रत्येकी १० मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. चेंडू मांडीवर ठेवून खेळाडूला चाके सलग दोनदाच ढकलता येतात, त्यानंतर चेंडू आपटावा किंवा सोडावा लागतो. रग्बी त्याच मापाच्या कोर्टवर, पण प्रत्येकी ८ मिनिटांच्या चार सत्रांत खेळली जाते. तेथे संघाला गोल करण्यासाठी ४० सेकंद मिळतात आणि खुर्चीवर खुर्ची आदळणे नियमबाह्य नसते. टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे मान्य आहेत आणि दुसरा टप्पा कोर्टबाहेर पडला तरी चालतो.

या सर्व खेळांत सलग एका वेगाने जाण्याची वेळ क्वचितच येते. दोन-तीन जोरदार ढकलींनी वेग घेणे, एकदम थांबणे, जागच्या जागी फिरणे आणि पुन्हा वेग घेणे असे हे चक्र असते. मधले काही क्षण संथ हालचालीचे असतात. म्हणजे थोड्या सेकंदांची स्फोटक शक्ती लागते आणि ती चाळीसेक मिनिटे पुन्हा पुन्हा वापरता यावी इतका दमही लागतो. केवळ एका सरळ वेगशर्यतीवरून किंवा केवळ दमाच्या चाचणीवरून कोर्टवरील कामगिरीचे चित्र पूर्ण होत नाही.

खेळाडू आणि खुर्ची

धावपटूची चाचणी घेताना बुटांचा फरक सहसा दुर्लक्षित करता येतो. येथे खुर्चीच्या बाबतीत तसे करता येत नाही. बैठकीची उंची, आसाचे स्थान, चाकांचा व्यास, चाकाच्या बाहेरच्या अंगाला जोडलेल्या ढकलण्याच्या रिमचा आकार, टायरमधील हवेचा दाब आणि कमरेचे पट्टे यांपैकी कशातही बदल झाला की निकाल बदलतो. क्रीडा खुर्चीची चाके वरच्या बाजूला आत झुकलेली असतात. हा तिरपेपणा, म्हणजेच कँबर, कोर्ट खेळांत साधारणतः १५ ते २० अंशांच्या दरम्यान ठेवला जातो. त्यामुळे खुर्ची चटकन वळते आणि आदळली तरी सहजी उलटत नाही.

चाकाची रिम ढकलून पुढे जाणे ही यांत्रिकदृष्ट्या खर्चिक हालचाल आहे. शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ऊर्जा खुर्ची पुढे नेण्यास प्रत्यक्ष उपयोगी पडते. सायकल चालविताना हे प्रमाण वीस टक्क्यांच्या जवळ असते. हात रिमवर नेमका केव्हा टेकतो, किती अंशांपर्यंत ढकल देतो आणि कसा परत येतो यावर कार्यक्षमता अवलंबून असल्याने दोन खेळाडूंच्या स्नायूंची ताकद सारखी असूनही त्यांचा वेग वेगळा असू शकतो. याच कारणाने चाचणीचा आकडा शरीर, खुर्ची आणि तंत्र या तिघांचा मिळून असतो. खुर्ची बदलल्यानंतर जुन्या आकड्याशी तुलना करून खेळाडूचा दम वाढला किंवा घटला असे म्हणता येत नाही.

रग्बीमध्ये हा फरक खुर्चीच्या आकारातच दिसतो. आक्रमक खुर्चीची पुढची बाजू गोलसर असते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अडकवणीतून निसटता येते. बचावात्मक खुर्चीला पुढे अडकविण्यासाठी लांब आडवी पट्टी असते. दोन्ही खुर्च्यांवरील खेळाडूंना एकाच वळणांच्या मार्गावरून नेले, तर लांब पट्टीची खुर्ची शंकूंना लागण्याचा संभव अधिक असतो आणि तो दोष खेळाडूच्या चपळाईच्या खात्यावर मांडला जातो.

शरीरक्रियेतील भेद

एकाच संघात मज्जारज्जूची इजा, अवयवच्छेदन, पोलिओ, सेरेब्रल पाल्सी अशा निरनिराळ्या कारणांनी व्हीलचेअरवर खेळणारे खेळाडू असतात. बास्केटबॉलमधील काही खेळाडू तर दैनंदिन जीवनात चालतातही. त्यांच्या शरीरक्रियेसाठी एकच सूत्र लागू पडत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण हृदयगतीचे आहे. हृदयाचे ठोके वाढविणाऱ्या अनुकंपी तंत्रिका छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूतून बाहेर पडतात. मानेच्या पातळीवर मज्जारज्जू पूर्णतः तुटल्यास, म्हणजे टेट्राप्लेजियामध्ये, मेंदूकडून या तंत्रिकांकडे येणारा संदेश थांबतो. ठोके मंदावणारी व्हेगस तंत्रिका मात्र मेंदूतून थेट येत असल्यामुळे शाबूत असते. व्यायामात तिचा लगाम सैल झाल्यामुळे जेवढे ठोके वाढतील तेवढेच वाढतात. परिणामी अशा खेळाडूची कमाल हृदयगती बहुधा मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांच्या दरम्यान थांबते. ‘२२० वजा वय’ हे परिचित सूत्र वापरल्यास २५ वर्षांच्या खेळाडूसाठी १९५ हा आकडा येतो. १२५ ठोक्यांवर असलेला हा खेळाडू सूत्रानुसार निम्म्याहून थोडी अधिक मेहनत करत आहे असे दिसते, प्रत्यक्षात त्याने आपली सारी क्षमता पणाला लावलेली असते. त्याला आळशी ठरविणारा किंवा आणखी ताणण्यास सांगणारा प्रशिक्षक येथे दुहेरी चूक करतो. छातीच्या खालच्या किंवा कमरेच्या पातळीवर इजा झालेल्या खेळाडूची हृदयगती मात्र सर्वसामान्यांइतकी वाढू शकते.

यामुळे रग्बीपटूंच्या चाचणीत हृदयगतीपेक्षा रक्तातील लॅक्टेट आणि खेळाडूने स्वतः सांगितलेली श्रमाची पातळी यांवर अधिक भर दिला जातो. श्रमाची पातळी नोंदविण्यासाठी गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची मापनश्रेणी प्रचलित आहे. धाप किती लागली आणि हात किती भरून आले हे स्वतंत्रपणे विचारणे उपयुक्त ठरते, कारण व्हीलचेअर खेळाडूंत हात बहुधा आधी थकतात. लॅक्टेटसाठी रक्ताचा थेंब बोटाऐवजी कानाच्या पाळीतून घेणे सोयीचे असते. बोटे सतत रिमवर घासत असतात, त्यांवर घट्टे, घाम आणि चिकट पदार्थ असतात.

शरीराचे तापमान हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा आहे. इजेच्या पातळीखालील भागात घाम येणे आणि त्वचेतील रक्तप्रवाह वाढणे या दोन्ही क्रिया बाधित होतात. टेट्राप्लेजिया असलेल्या खेळाडूच्या शरीराचा मोठा भाग अशा रीतीने थंड होण्याच्या कामी येत नाही. उष्ण हवेत लांबलेली चाचणी त्याच्यासाठी धोक्याची असते. पाण्याचा फवारा, बर्फाचे जाकीट आणि दोन प्रयत्नांमधील सावलीतील विश्रांती हे उपाय चाचणीच्या नियोजनाचाच भाग मानले जातात.

ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या व्यक्तीत, इजेखालील एखाद्या त्रासदायक संवेदनेमुळे रक्तदाब अचानक व अनियंत्रितपणे वाढू शकतो. या अवस्थेला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. भरलेले मूत्राशय, वाकलेली लघवीची नळी, अतिघट्ट पट्टा किंवा त्वचेवरील जखम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटणे, अंगावर काटा येणे आणि नाडी मंदावणे ही लक्षणे दिसतात. वेळीच उपाय न झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून चाचणीपूर्वी मूत्राशय रिकामे असल्याची खात्री केली जाते. लक्षणे दिसताच चाचणी थांबवून खेळाडूला ताठ बसते ठेवतात, पट्टे व कपडे सैल करतात, लघवीची नळी तपासतात आणि वैद्यकीय मदत बोलावतात.

वाढलेल्या रक्तदाबामुळे कामगिरी तात्पुरती सुधारते. व्हीलचेअर शर्यतपटूंवरील १९९४ च्या एका अभ्यासात ही सुधारणा सुमारे १० टक्क्यांची आढळली. त्यामुळे काही खेळाडू ही अवस्था मुद्दाम निर्माण करत असत. या प्रकाराला ‘बूस्टिंग’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने त्यावर बंदी घातली असून स्पर्धेपूर्वी रक्तदाब तपासला जातो. सिस्टॉलिक दाब १६० मिलिमीटर पारा किंवा अधिक असल्यास थोड्या वेळाने पुन्हा तपासणी होते आणि तो तसाच राहिल्यास खेळाडूला त्या स्पर्धेतून बाहेर ठेवले जाते. क्षमता चाचणीतही अशा अवस्थेत नोंदलेला आकडा ग्राह्य धरता येत नाही, कारण तो खेळाडूच्या नेहमीच्या क्षमतेचा नसतो.

प्रयोगशाळेतील चाचण्या

प्रयोगशाळेत मुख्यतः तीन प्रकारची साधने वापरली जातात. हाताने फिरविण्याच्या पायड्यांचे अर्गोमीटर सर्वत्र उपलब्ध असते, पण त्यातील हालचाल रिम ढकलण्यापेक्षा वेगळी असते. रुंद पट्ट्याच्या ट्रेडमिलवर खेळाडू स्वतःच्या खुर्चीत बसून चाचणी देऊ शकतो. व्हीलचेअर अर्गोमीटरमध्ये खुर्ची रोलरवर पक्की बांधली जाते आणि चाकांवर लावलेले बल मोजता येते. ट्रेडमिलवर हवेचा विरोध नसतो आणि पट्ट्याचा घर्षणविरोध लाकडी कोर्टपेक्षा निराळा असतो. म्हणून चाचणीपूर्वी खुर्चीला दोरीने रोखून तिच्यावरील ओढ मोजतात आणि उतार किंवा भार त्यानुसार ठरवितात.

दमाच्या मोजमापासाठी भार टप्प्याटप्प्याने वाढवीत प्राणवायू ग्रहणाचे शिखर मूल्य नोंदविले जाते. येथे ‘कमाल’ऐवजी ‘शिखर’ हा शब्द वापरण्याचा प्रघात आहे. हातांचे स्नायू संख्येने व आकाराने कमी असल्यामुळे हृदय व फुप्फुसे यांची मर्यादा गाठण्यापूर्वीच ते थकतात. दिव्यांग नसलेल्या, हातांचा विशेष सराव नसलेल्या व्यक्तीतही हातांच्या व्यायामातील शिखर मूल्य पायांच्या व्यायामातील मूल्याच्या सुमारे ७० टक्केच असते.

स्फोटक शक्तीसाठी ३० सेकंदांची विंगेट चाचणी प्रचलित आहे. ती १९७० च्या दशकात इस्रायलमधील विंगेट संस्थेत विकसित झाली. तिच्यातील भार शरीराच्या वजनावरून ठरवितात. मात्र पाय व धड यांचे स्नायू निकामी असलेल्या खेळाडूच्या वजनाचा मोठा हिस्सा काम करणाऱ्या स्नायूंचा नसतो. प्रमाणित भार ठेवल्यास टेट्राप्लेजियाच्या खेळाडूला पायडे फिरविणेही अशक्य होऊ शकते. यासाठी आधी एक छोटी वेगचाचणी घेऊन भार व्यक्तिगत ठरविणे अधिक सयुक्तिक असते.

मैदानी चाचण्या

कोर्टवर घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांना महागडी साधने लागत नाहीत. मोजपट्टी, शंकू, चिकटपट्टी आणि घड्याळ एवढ्यावर त्या भागतात, शिवाय खेळाडू स्वतःच्या खुर्चीत आणि सवयीच्या जमिनीवर असतो. प्रशिक्षकांमध्ये त्या लोकप्रिय असण्याचे कारण हेच आहे.

वेगासाठी ५, १० आणि २० मीटर अंतरांची स्थिर आरंभापासूनची चाचणी घेतात. पहिल्या ५ मीटरचा वेळ खेळात सर्वाधिक कामाचा असतो, कारण बहुतेक झटापटी तेवढ्याच अंतरात निकाली निघतात. पुढची छोटी चाके रेषेमागे ठेवून सुरुवात करण्याचा नियम सर्व प्रयत्नांत सारखा पाळावा लागतो. प्रकाशकिरणांची फाटके वापरल्यास किरण खुर्चीच्या ठरावीक भागाने तुटेल अशा उंचीवर बसवितात. अन्यथा कुणाचा पुढे झुकलेला हात, तर कुणाचे धड वेळ थांबविते. हाताने चालविलेल्या घड्याळात दहाव्या हिश्शाची चूक सहज होते. अशा घड्याळावर २० मीटरचा वेळ ५.४० वरून ५.३२ सेकंदांवर आला, तर ती प्रगतीच आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

दमाच्या मैदानी चाचण्यांचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. केनेथ कूपर यांच्या १९६८ च्या १२ मिनिटांच्या धावचाचणीवरून १२ मिनिटांत खुर्ची किती अंतर जाते हे मोजण्याची पद्धत निघाली. तिच्यात वेग सतत राखायचा असतो, जे कोर्ट खेळांच्या स्वभावाशी जुळत नाही. त्यानंतर ‘बीप टेस्ट’ या नावाने ओळखली जाणारी २० मीटर फेऱ्यांची चाचणी व्हीलचेअरसाठी वापरात आली. लुक लेजे यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या या चाचणीत ध्वनिसंकेताच्या तालावर दोन रेषांमध्ये ये-जा करायची असते. सुरुवातीचा वेग ताशी ८.५ किलोमीटर असतो व दर मिनिटाला तो अर्ध्या किलोमीटरने वाढतो.

अडचण रेषेपाशी असते. धावपटू पाय रोवून फिरतो. व्हीलचेअरवरील खेळाडूला एक चाक रोखून दुसरे ढकलावे लागते, खुर्ची १८० अंशांत फिरवावी लागते आणि शून्यातून पुन्हा वेग घ्यावा लागतो. धडावर ताबा असलेला खेळाडू कंबर फिरवून वळणाला मदत करतो. ज्याच्या पोटाचे व पाठीचे स्नायू काम करत नाहीत, त्याला ही मदत मिळत नाही. ताशी १० किलोमीटरच्या टप्प्यावर २० मीटरसाठी ७.२ सेकंद मिळतात. समजा एका खेळाडूचा वळणात एक सेकंद अधिक जातो. त्याला उरलेल्या ६.२ सेकंदांत तेच अंतर कापण्यासाठी ताशी सरासरी ११.६ किलोमीटर वेग ठेवावा लागेल. शिवाय खेळाडू व खुर्ची मिळून ८२ किलोग्रॅम वजन असेल, तर त्या टप्प्यावर प्रत्येक थांबण्यात तीनशे ज्यूलांहून अधिक गतिज ऊर्जा वाया जाते आणि ती पुन्हा केवळ हातांनी निर्माण करावी लागते. असा खेळाडू लवकर बाद होतो. नोंदवहीत त्याचा दम कमी असल्याची नोंद होते, वस्तुतः कमी पडलेली असते ती वळण्याची क्षमता.

ही शंका मोजमापांनीही खरी ठरविली. व्हिक्टोरिया गूझी-टॉल्फ्री आणि कीथ टॉल्फ्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित व्हीलचेअर खेळाडूंनी या चाचणीत कापलेल्या अंतरावरून त्यांच्या प्राणवायू ग्रहणाचा अंदाज बांधणे विश्वासार्ह नसल्याचे दिसून आले. धावपटूंसाठीच्या तक्त्यांवरून व्हीलचेअर खेळाडूच्या प्राणवायू ग्रहणाचा आकडा काढणे म्हणूनच चुकीचे आहे. यावर उपाय म्हणून फेऱ्यांचे अंतर बदलणे, किंवा पूर्ण थांबावे लागू नये असा अष्टकोनी मार्ग आखणे असे प्रयोग झाले. स्पेनमध्ये यो-यो या खंडित चाचणीचे १० मीटरचे रूप बास्केटबॉलपटूंसाठी वापरले गेले आहे.

तथापि वळणाचा प्रभाव हा सर्वस्वी दोष मानण्याचे कारण नाही. सामन्यातही वळावे लागतेच. बीप टेस्टचा निकाल ‘कोर्टवरील एकंदर हालचाल क्षमता’ म्हणून वाचला आणि तो त्याच खेळाडूच्या मागील निकालाशी ताडून पाहिला, तर त्याला अर्थ आहे. त्याला हृदय व फुप्फुसांच्या क्षमतेचे नाव दिले की गोंधळ सुरू होतो.

चपळाईसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या मार्गाची चाचणी, इलिनॉय चाचणी, नागमोडी मार्ग आणि आठच्या आकड्याचा मार्ग वापरतात. मूळ टी चाचणीत आडव्या पावलांनी सरकायचे असते. खुर्ची आडवी सरकत नसल्यामुळे व्हीलचेअरच्या आवृत्तीत सर्व टप्पे वळून, पुढच्या दिशेने पूर्ण केले जातात. साहजिकच दोन्ही आवृत्त्यांचे वेळ एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ताकदीसाठी हाताच्या पकडीचे मापन, वजनदार चेंडूची फेक आणि बेंच प्रेस हे प्रकार रूढ आहेत.

खेळानुसार विशेष चाचण्या

रग्बीसाठी ‘बेक चाचणीसंच’ प्रसिद्ध आहे. त्याची सप्रमाणता १९९८ मध्ये यिला आणि शेरिल यांनी तपासली. चेंडूसह खुर्ची वळविणे, अचूक फेक, लांब फेक, वेग आणि प्रतिस्पर्ध्याची खुर्ची अडविणे अशी कौशल्ये त्यात मोजली जातात. अडविणे हे काम कमी गुणांच्या खेळाडूंकडे असते आणि गोलांच्या आकडेवारीत ते दिसत नाही. त्यामुळे त्याचा चाचणीत समावेश असणे विशेष महत्त्वाचे आहे.

बास्केटबॉलसाठी नेदरलँड्समध्ये आन्नेमारी डी विटे व सहकाऱ्यांनी सामन्यांतील हालचालींचे निरीक्षण करून खुर्ची-हालचाल क्षमतेची एक चाचणी तयार केली. तीत छोट्या कृतींची मालिका असून सरळ वेग, जागेवर फिरणे, थांबून सुटणे यांसारख्या कृती चेंडूसह व चेंडूविना करवून घेतल्या जातात.

टेनिसमध्ये हातात रॅकेट धरूनच चाक ढकलावे लागते. गूझी-टॉल्फ्री आणि मॉस यांच्या २००५ च्या अभ्यासात रॅकेटसह वेग कमी होत असल्याचे आढळले. म्हणून रिकाम्या हातांनी घेतलेली वेगचाचणी टेनिसपटूच्या क्षमतेचा फाजील अंदाज देते. बॅडमिंटनमध्ये व्हीलचेअरवरील एकेरी सामना अर्ध्या रुंदीच्या कोर्टवर होतो. तेथे मागे जाण्याची हालचाल वारंवार होते आणि खुर्चीला मागे आधाराचे चाक असते. रिम मागे ओढण्याचा वेग मोजल्याशिवाय या खेळाची चाचणी अपुरी राहते.

सामन्यातील मोजमाप

खुर्चीच्या सांगाड्यावर व चाकांवर बसविलेले छोटे गतिसंवेदक हे या क्षेत्रातील अलीकडचे साधन आहे. चाकांच्या फिरण्यावरून वेग व अंतर, तर सांगाड्याच्या फिरण्यावरून वळणाचा वेग समजतो. चाक घसरल्यास किंवा खुर्ची आदळल्यास होणारी चूक गणिती पद्धतीने दुरुस्त करावी लागते. बंदिस्त सभागृहात उपग्रहाधारित प्रणाली चालत नसल्यामुळे रग्बीमध्ये रेडिओ लहरींवर चालणारी स्थाननिश्चितीही वापरली गेली आहे. अशा नोंदींमुळे चाचणीतील कृती सामन्यात खरोखर किती वेळा घडतात हे पडताळता येते.

गुणवर्गीकरणाशी संबंध

बास्केटबॉलमध्ये खेळाडूला १.० ते ४.५ गुण दिले जातात आणि कोर्टवरील पाच जणांची बेरीज १४ पेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. रग्बीमध्ये गुण ०.५ ते ३.५ असून चौघांची बेरीज साधारणतः ८ पर्यंत चालते. संघात महिला खेळाडू असल्यास काही सवलत मिळते. हे गुण दिव्यांगत्वामुळे हालचालीवर किती मर्यादा येते त्यावर ठरतात.

क्षमता चाचण्यांचे निकाल थेट वर्गीकरणासाठी वापरल्यास कष्टाने सराव करणाऱ्या खेळाडूला वरच्या वर्गात ढकलले जाण्याचा धोका असतो. याउलट एखादा खेळाडू चाचणीत मुद्दाम कमी जोर लावून खालचा वर्ग मिळवू शकतो. शॉन ट्वीडी आणि इव्ह व्हानलांडेवाइक यांनी २०११ मध्ये मांडलेल्या भूमिकेनुसार वर्गीकरण दिव्यांगत्वाच्या प्रमाणावर आधारित असावे, सरावाने मिळविलेल्या क्षमतेवर नव्हे. त्यामुळे प्रशिक्षकांची क्षमता चाचणी आणि वर्गीकरण समितीची तपासणी या वेगवेगळ्या प्रक्रिया ठेवल्या जातात. संशोधनात मात्र दोन्ही एकत्र येतात. धडावरील ताब्याचा वेग व वळण यांवर नेमका किती परिणाम होतो, हे मोजण्यासाठी याच वेगचाचण्या आणि वळणचाचण्या वापरल्या जातात.

खांद्यांवरील ताण

व्हीलचेअरवरील खेळाडू सराव, सामना आणि बहुतेकदा दैनंदिन हालचाल या तिन्हींसाठी तेच खांदे वापरतो. पायाला दुखापत झालेल्या धावपटूला विश्रांती घेता येते, खांदा दुखावलेल्या खेळाडूला मात्र पलंगावरून खुर्चीवर येण्यासाठीही तोच खांदा लागतो. म्हणून पूर्ण जोराच्या अनेक चाचण्या एकाच दिवशी घेणे टाळतात. वेगाच्या व चपळाईच्या चाचण्या आधी, दमाची चाचणी शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी घेण्याची पद्धत आहे. चाचणीसोबत खांदेदुखीची नोंदही ठेवली जाते. त्यासाठी व्हीलचेअर वापरणाऱ्यांकरिता कर्टिस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली १५ प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे. खुर्चीवर चढणे-उतरणे, उतार चढणे, डोक्यावरून कपडे घालणे, उंचावरील वस्तू काढणे अशा कामांतील वेदनेला प्रत्येकी ० ते १० गुण दिले जातात व एकूण गुण १५० पैकी मोजले जातात.